माहीत असण्याची जबाबदारी

१८७६ साली साताऱ्याचा एक खटला मुंबई उच्च न्यायालयात आला. नवरा अठरा वर्षांचा, गोविंदा नावाचा. बायको पंधरा वर्षांची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत बुक्के घातले, खाली पाडून छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर दोन-तीन जबर ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती पोर मेली. सातारच्या सत्र न्यायाधीशांनी खून ठरवून फाशी सुनावली. उच्च न्यायालयात न्या. केम्बॉल आणि न्या. नानाभाई हरिदास यांचे एकमत होईना, म्हणून प्रकरण न्या. मेलव्हिल यांच्यापुढे गेले. मेलव्हिल यांनी फाशी काढून टाकली आणि सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्यांचे म्हणणे असे: जीव घ्यायचा हे त्याच्या मनात नव्हते, अशा ठोशांनी मरण येऊ शकते, पण ते हमखास येईल अशी ती मारहाण नव्हती, तेव्हा हा सदोष मनुष्यवध आहे, खून नाही.

दीडशे वर्षे होत आली. कायदा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हा निकाल आजही वाचावा लागतो. मी तो जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मनात दोन गोष्टी एकदम येतात. मेलव्हिल बरोबर होते, असे एक मन सांगते. त्या मुलीच्या मृत्यूला सातच वर्षे, असे दुसरे विचारते. ही दोन्ही मने खरी आहेत. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणे त्यांच्याच ओढाताणीतून लिहिली गेली आहेत.

प्रश्न थोडक्यात असा. ज्याच्या हातून माणूस मेला, पण ज्याला कोणाला मारायचे नव्हते, त्याला शिक्षा करावी का? करावी तर किती? मनात नव्हतं, चुकून झालं, मुद्दाम केलं नाही, ही वाक्ये पोलिस ठाण्यात, वार्डात, पुलाखाली आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. काही वेळा ती संपूर्ण खरी असतात. काही वेळा ती खरी असूनही पुरेशी नसतात. कुठे पुरेशी आणि कुठे अपुरी, ही रेघ कुठे ओढायची, त्याचा शोध मी मुंबईच्या खटल्यांतून आणि दुर्घटनांतून घेतला आहे. फोर्टातले न्यायालय, भायखळ्याचे रुग्णालय आणि परळचा पूल ही त्यातली मुख्य ठिकाणे.

हा प्रश्न इंग्रजांनी आणलेला नाही. श्रावणबाळाची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती मातृपितृभक्तीची म्हणून. पण ती दशरथाचीही गोष्ट आहे. अंधारात पाण्यात घागर बुडल्याचा आवाज झाला, राजाला वाटले हत्ती पाणी पितो आहे, आणि त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. मनुष्यवधाचा हेतू नव्हता, वस्तुस्थितीबद्दल गैरसमज होता. आजचा वकील याच मुद्द्यावर सुटका मागेल. रामायणाने दशरथाला सोडले नाही. न पाहता बाण सोडणे हाच त्याचा अपराध, आणि त्याचे फळ त्याला पुत्रशोकाने भोगावे लागले. उलट महाभारतातले अणीमांडव्य ऋषी. लहानपणी किड्यांना काडीने टोचले एवढ्यासाठी मोठेपणी सुळावर चढावे लागले, म्हणून त्यांनी खुद्द यमधर्माला शाप दिला आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादा घालून दिली. दोन कथा, दोन उत्तरे, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर. बाण सोडणाऱ्या राजाला आधी पाहणे शक्य होते. काडी टोचणाऱ्या पोराला कळणेच शक्य नव्हते.

स्मृतिकारांनीही अकामतः म्हणजे न ठरवता झालेले पाप आणि कामतः म्हणजे ठरवून केलेले पाप यांत भेद केला, पहिल्याला हलके प्रायश्चित्त सांगितले, पण सहसा शून्य सांगितले नाही. ही सगळी चर्चा एका ठिकाणी वाचायची असेल तर भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली निघालेला चौथा खंड पाहावा. हायकोर्टात वकिली करणाऱ्या आणि गिरगावात आंग्रेवाडीत राहणाऱ्या या माणसाने पातक आणि प्रायश्चित्त यांचा जो धांडोळा घेतला, तो फौजदारी वकिलांनी फारसा वाचलेला नाही, याचे मला दुःख वाटते.

भारतीय दंड संहिता १८६० ची, लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. तिने मनाच्या अवस्थांची उतरंड लावली. सर्वांत वर मारण्याचा इरादा. त्याखाली, आपल्या कृत्याने मरण येईल याची जाणीव. त्याखाली बेपर्वाई आणि हयगय. आणि तळाशी निखळ अपघात, सात वर्षांखालचे मूल, वेडाच्या भरातला माणूस. यांना शिक्षाच नाही. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की हयगयीने झालेल्या मृत्यूचे कलम मूळ संहितेत नव्हतेच. ३०४-अ हे कलम १८७० साली मागाहून घातले गेले, आणि कमाल शिक्षा ठरली दोन वर्षे. रस्त्यावरचे अपघात, कारखान्यातली आग, इस्पितळातली चूक, पडलेल्या इमारती, असे या शहराचे बहुतेक अनैसर्गिक मृत्यू पुढची दीडशे वर्षे याच दोन वर्षांच्या कलमात बसवले गेले.

वेडाच्या अपवादाबद्दल एक खटला सांगतो, कारण तो मला अस्वस्थ करतो. १८८६ साली लक्ष्मण दगडू याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. तापाने फणफणलेल्या या माणसाला मुलांचे रडणे असह्य झाले आणि त्याने आपल्याच लहानग्यांवर कुऱ्हाड चालवली. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते, म्हणून ते वाईट आहे हेही कळत असलेच पाहिजे, असे धरून न्यायालयाने त्याला खुनी ठरवले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलाच एक पोलिस कॉन्स्टेबल होता. त्याने बायकोला मारले होते, आणि त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे कागदोपत्री पुरावे होते. त्याला न्यायालयाने सोडले. या दोघांमधल्या शतकाहून अधिक काळात माणसाचे मन बदलले नाही, मनाविषयीचे आपले ज्ञान वाढले. आज तापातला तो बाप उभा राहिला असता तर त्याला निदान डॉक्टरच्या साक्षीचा आधार मागता आला असता.

हेतू नसला तर सोडावे, असे म्हणणाऱ्याला लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हेतू होता की नव्हता, हे ठरवणार कोण? मुंबईने याचे उत्तर फार कडवट प्रकारे पाहिले आहे. जुलै १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी स्वतः एकवीस तासांहून अधिक बचावाचे भाषण केले. त्याचा गाभा हेतूचाच होता: लेख संपूर्ण वाचा, मूळ मराठीत वाचा, सरकारी भाषांतरातले सुटे शब्द उचलून माझ्या मनात काय होते ते ठरवू नका. न्या. दावर यांनी ज्यूरीला लेखांतून हेतू उघड दिसतो अशा रोखाने समजावले. नऊपैकी सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी नाही. सहा वर्षे हद्दपारी. दुसऱ्या दिवसापासून परळ-लालबाग-चिंचपोकळीच्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवसांचा हरताळ पाळला. १९१६ साली पुन्हा टिळकांच्या भाषणांवरून त्यांच्याकडून वीस हजारांचा जामीन मागितला गेला, बॅ. जिनांनी बाजू मांडली, आणि उच्च न्यायालयाने भाषणे समग्र वाचून तो हुकूम रद्द केला. न्यायालय तेच, वक्ता तोच, आरोपाची जातही तीच. वाचण्याची रीत बदलली आणि निकाल बदलला. म्हणून हेतूचा मुद्दा काढून टाकावा असे मी म्हणत नाही. काढला की सत्तेच्या हाती लागतो तो नुसता संशय. हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, हे तत्त्व सामान्य माणसाचे संरक्षण आहे आणि ते सोडता कामा नये.

ते सोडले तर काय होते, हे जॉर्ज खटल्यात दिसते. नोव्हेंबर १९६२. मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन नागरिक झुरिकहून मनिलाला निघाला. अंगातल्या खास शिवून घेतलेल्या जाकिटाच्या कप्प्यांत सुमारे ३४ किलो सोने. विमान २८ तारखेला मुंबईत थांबले. तो खाली उतरलाही नाही. कस्टम्सवाल्यांनी विमानात जाऊन त्याची झडती घेतली आणि सोने काढले. आपल्या देशातून पुढे जाणारे सोने विमानाच्या मालयादीत दाखवलेच पाहिजे, अशी अट रिझर्व्ह बँकेच्या ८ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने घातली होती. ती राजपत्रात आली २४ नोव्हेंबरला, म्हणजे तो निघण्याच्या फक्त तीन दिवस आधी. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने एक वर्षाची कैद दिली. उच्च न्यायालयाने सोडले. महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६४ साली न्या. अय्यंगार व न्या. मुधोळकर यांनी दोषी ठरवले: चोरट्या सोन्याने देशाची अर्थव्यवस्था पोखरली जाते, अशा कायद्यात मनातला दोष शोधत बसले तर कायदाच निकामी होईल. न्या. सुब्बाराव यांनी मतभेद नोंदवला: कायद्यात स्पष्ट लिहिले नसेल तर दोषी मनावाचून गुन्हा नाही. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढीच ठेवली गेली.

जॉर्ज भोळा प्रवासी नव्हता, हे जाकीटच सांगते. तरीही मी सुब्बारावांच्या बाजूचा आहे. झुरिकमध्ये बसलेल्या माणसाला दिल्लीच्या राजपत्रातला तीन दिवसांपूर्वीचा मजकूर कळण्याचा मार्ग नव्हता. सोने जप्त करा, दंड करा. पण कळणे अशक्य असलेल्या गोष्टीसाठी तुरुंग नको.

आता उलट बाजूला येतो, आणि इथे मला सर्वांत जास्त लिहायचे आहे.

एप्रिल १९६२ मध्ये मुंबईतल्या रंगाच्या एका कारखान्याला आग लागली आणि सात कामगार जळून मेले. कारखान्याला परवाना होता तो गरम न करता रंग बनवण्याचा. प्रत्यक्षात तिथे भट्ट्या पेटत होत्या, आणि त्याच जागेत टर्पेंटाइन व व्हार्निशचा साठा होता. एका कामगाराने तापलेले बिट्युमेन पुरते निवायच्या आत त्यात टर्पेंटाइन ओतले, फेस उतू गेला, भडका उडाला. कारखान्याचा व्यवस्थापक-भागीदार कुर्बान हुसेन रंगवाला याला ३०४-अ खाली शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि आगीबाबतच्या बेफिकिरीचे छोटे कलम तेवढे कायम ठेवले. कारण? मृत्यूचे थेट, जवळचे कारण म्हणजे त्या कामगाराची घाई. मालकाने विनापरवाना भट्ट्या लावल्या, हे दूरचे कारण. ही कसोटी मुंबईचीच. १९०२ साली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी ती घालून दिली होती: आरोपीची हयगय हे मृत्यूचे प्रत्यक्ष घडवणारे कारण असले पाहिजे, मध्ये दुसऱ्याची हयगय येता कामा नये.

एकट्यादुकट्या माणसासाठी ही कसोटी न्याय्य आहे. पण तिचा परिणाम बघा. ज्याच्या हातात टर्पेंटाइनचा डबा होता त्याच्यावर दोष थांबतो. ज्याने भट्टीशेजारी टर्पेंटाइन ठेवायचे ठरवले तो वर सुटतो. अपघाताच्या सर्वांत जवळ नेहमी सर्वांत लहान माणूस उभा असतो.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. तिथल्या एकाही डॉक्टरला किंवा नर्सला कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी कशी झाली, तपासणी कोणी टाळली, अन्न व औषध प्रशासनात काय चालले होते हे उकलून ठेवले. ठपका इतका वरपर्यंत गेला की आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. पण चौकशी आयोगाला शिक्षेचा अधिकार नसतो, आणि आयोगापुढे दिलेला जबाब फौजदारी खटल्यात त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे सत्य एका दालनात सापडते आणि शिक्षेचा अधिकार दुसऱ्या दालनात असतो.

आणि परळ. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. अवेळी कोसळलेला पाऊस, आडोशाला थांबलेली माणसे, चार गाड्यांची गर्दी एकाच वेळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर. २३ माणसे चेंगरून मेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, हजारो नोकरदार रोज तिथे उतरू लागले, पूल मात्र गिरणीच्या भोंग्याच्या काळातला राहिला. तो अपुरा आहे, हे कोणाला माहीत नव्हते? प्रवासी सांगत होते, खासदारांनी रेल्वेला पत्रे लिहिली होती, रुंद पूल कागदावर मंजूरही होता. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने बोट दाखवले ते पावसाकडे. नंतर लष्कराला बोलावले गेले आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, नवा पादचारी पूल खुला झाला. पाच महिन्यांत होणारे काम आधी झाले नाही, याला अपघात म्हणायला माझी जीभ वळत नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबरला, तिथून चालत जाता येईल इतक्या जवळ कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्तराँना आग लागून १४ जणांचा बळी गेला. तिथे पोलिसांनी ३०४-अ ऐवजी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले. आरोपींनी काय केले आणि काय नाही, ते न्यायालय ठरवील. पण कलम बदलले यातून मला एवढे दिसते की तपास यंत्रणेलाही दोन वर्षांचे कलम थिटे वाटू लागले होते.

हे फक्त आपलेच दुखणे नाही. १९८७ च्या मार्चमध्ये बेल्जियममधल्या झीब्रुग बंदराबाहेर एक ब्रिटिश फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि उलटली. १९३ माणसे मेली. कंपनीवर मनुष्यवधाचा खटला भरला तो १९९० मध्ये कोसळला, कारण कंपनीचे मन म्हणता येईल अशा एकाही वरिष्ठ व्यक्तीवर गुन्हा सिद्ध होईना. चौकशीत मात्र ढिसाळपणा वरपासून खालपर्यंत मुरल्याचे आढळले होते. ब्रिटनने पुढे २००७ साली वेगळा कायदा करून संस्थेलाच मनुष्यवधासाठी जबाबदार धरायची सोय केली. तिथे प्रश्न बदलला. कोणाच्या मनात होते हे न विचारता, ही संस्था ज्या रीतीने चालवली जात होती ती किती बेजबाबदार होती, हे विचारले जाते.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. हयगयीच्या मृत्यूचे कलम आता १०६, कमाल शिक्षा दोनाची पाच वर्षे, डॉक्टरांसाठी दोनच. अपघात करून न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची तरतूद आहे, पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबवल्यावर ती अंमलात आणणे लांबणीवर टाकले गेले. स्टिअरिंगवरच्या माणसाची शिक्षा वाढवणे सोपे. पूल, रुग्णालय, कारखाना चालवणाऱ्या संस्थेविषयी नव्या संहितेतही स्वतंत्र कलम नाही. शिक्षेचे आकडे वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

मला एक आक्षेप माहीत आहे आणि तो मी मनापासून मोलाचा मानतो. असे कायदे केले तर अधिकारी सहीच करणार नाहीत, डॉक्टर अवघड शस्त्रक्रियेला हात लावणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात म्हणूनच बजावले की साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे, हयगय ढोबळ असली पाहिजे, आणि डॉक्टरवर खटला भरण्याआधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत घ्या. मला हे पूर्ण मान्य आहे. केईएम रुग्णालयात रात्रभर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरचा हात एकदा चुकला तर तो गुन्हेगार नाही. मी म्हणतो ती माणसे वेगळी आहेत. ज्यांना धोक्याची लेखी सूचना मिळाली होती, ज्यांच्याकडे तो दूर करण्याचा अधिकार होता, ज्यांना पुरेसा वेळ होता, आणि तरी ज्यांनी काही केले नाही. तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच. मग 'मनात नव्हते' हे उत्तर शिक्षा कमी करील. निर्दोष ठरवणार नाही.

गोविंदाला खुनी न म्हणता सात वर्षे देणारे मेलव्हिल मला म्हणूनच पटतात. त्यांनी हेतूच्या अभावाचा मान राखला आणि तरी त्या मुलीच्या मरणाला अपघात म्हटले नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की पुढचे खटले वाचताना आरोपीच्या मनात काय होते यापाशी थांबू नये. त्याला काय माहीत असायला हवे होते आणि ते माहीत करून घेणे कोणाचे काम होते, हेही प्रत्येक ठिकाणी तपासावे. आणि विधानभवनात बसणाऱ्यांना एक आठवण. फौजदारी कायदा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. संघटित गुन्हेगारी मोडायची होती तेव्हा महाराष्ट्राने दिल्लीच्या कायद्याची वाट पाहिली नाही. १९९९ साली स्वतःचा मोक्का कायदा केला. लेखी सूचना असूनही माणसे मरू देणाऱ्या संस्थांसाठी एक कलम लिहायला या राज्याला घटनेची मनाई नाही.